फ्रिज चालूच होता

जूनचा पहिला आठवडा उलटला की आमच्या देवबागात सामसूम होते. बोटी वर ओढून झापांनी झाकलेल्या, होमस्टेच्या गाद्या माळ्यावर, पडवीला झड लागू नये म्हणून ताडपत्री बांधलेली. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी, त्या पट्टीवर आमचं घर. गणपतीपर्यंत हातात वेळच वेळ. गेल्या पावसाळ्यात तो वेळ मी 'ऑक्सिजन नॉट इन्क्लुडेड' या खेळाला दिला, आणि त्यातले जवळजवळ दोन आठवडे एकाच गोष्टीत गेले. माझ्या वसाहतीतल्या वायरी सारख्या जळत होत्या आणि का जळतात ते सापडत नव्हतं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. क्ले एंटरटेनमेंट या कॅनडातल्या कंपनीने तो केलाय, पूर्ण स्वरूपात ३० जुलै २०१९ ला आला. एका लघुग्रहाच्या पोटात तीन जीव जागे होतात, त्यांना डुप्लिकंट म्हणतात. त्यांना श्वासाला हवा, प्यायला पाणी, खायला अन्न, झोपायला जागा हे सगळं आपण खणून, बांधून, नळ आणि वायरी टाकून उभं करायचं. खेळातला दिवस म्हणजे एक सायकल, ६०० सेकंदांची. सुरुवातीची वीस-पंचवीस सायकल सोपी जातात. पुढे हवा कमी पडते, मग यंत्रं येतात, यंत्रांना वीज लागते, आणि खरा खेळ तिथून सुरू होतो.

माझी वीज अशी वाढत गेली. आधी पायाने फिरवायचं चाक, म्हणजे मॅन्युअल जनरेटर, ४०० वॅटचं. मग कोळशाचा एक जनरेटर, ६०० वॅटचा. दोन्ही मिळून १००० वॅट. बॅटरी जेमतेम एक, तीही बहुतेक वेळा रिकामीच. कुठलं ना कुठलं यंत्र मधेच बंद पडायचं, दिवे जायचे, पंप थांबायचा, पण वायर कधी जळली नाही. वसाहतीत माणसं आठ झाली तेव्हा मी चाक काढून टाकलं आणि कोळशाचे आणखी दोन जनरेटर बसवले. १८०० वॅट झाले. आता कशालाच कमी पडणार नाही, असं समाधान वाटलं. दुसऱ्याच सायकलीला स्वयंपाकघराजवळच्या वायरीतून ठिणग्या उडाल्या, तुकडा काळा पडला आणि निम्मी वसाहत अंधारात गेली.

एका डुप्लिकंटने येऊन ती दुरुस्त केली. थोड्या वेळाने परत जळली. परत दुरुस्त. असं दहा-बारा सायकल चाललं आणि मीही त्याला सरावले. जळलं की जोडायचं. जी माणसं खणायला हवीत ती वायरी जोडत फिरत होती. एकदा तर पंप बंद पडून झोपायच्या खोलीत हवा संपायला आली, सगळी माणसं गुदमरत उठली. त्या रात्री मी खेळ सेव्ह न करताच लॅपटॉप मिटला.

माझी पहिली समजूत अशी होती की वीज कमी पडतेय म्हणून हे होतंय. म्हणून मी चौथा जनरेटर लावला, आणि जळणं वाढलं. त्यामागचं कारण तेव्हा कळलं नाही, ते आता सांगते, कारण या खेळात नवीन आलेला जवळपास प्रत्येक जण इथेच अडकतो. वीज कमी पडणं आणि वायरीवर भार जास्त होणं हे दोन वेगळे आजार आहेत. कमी पडली तर यंत्रं थांबतात, वायरीला काही होत नाही. उलट वीज भरपूर असली की सगळी यंत्रं एकदम चालतात, आणि तेव्हाच वायरीची मर्यादा ओलांडली जाते. साध्या वायरीची मर्यादा १००० वॅट. आधी माझ्याकडे वीजच १००० वॅटची होती, त्यामुळे वायर आपोआप वाचत होती. मी वीज वाढवली आणि ते राखण गेलं. म्हणजे इतके दिवस माझी गरिबीच वायरीचं रक्षण करत होती.

हे मला सुचलं नाही, तात्यांनी सुचवलं. तात्या म्हणजे माझे वडील. आयुष्यभर वायरमन होते, पोलावर चढण्यात उमेद गेली, आता निवृत्त. पावसाळ्यात त्यांनाही वेळ जात नाही. पेज जेवून ते माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि बराच वेळ काही न बोलता बघत राहिले.

"काय गो, कसला जळता ह्या?"

मी सांगितलं. वायर जळते, जोडते, परत जळते.

"लोड किती आसा?"

मला माहीत नव्हतं. माझ्याकडे जनरेटर किती वॅटचे आहेत हे मला तोंडपाठ होतं. त्यांच्यावर काय काय चालतं त्याची बेरीज मी कधीच केली नव्हती.

"मगे आधी ता मोज," एवढं बोलून ते झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर पाऊस धो धो पडत होता. मी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि खेळ थांबवून एकेक यंत्र लिहून काढलं. पाण्यापासून हवा करणारे इलेक्ट्रोलायझर दोन, प्रत्येकी १२० वॅट. गॅस पंप तीन, प्रत्येकी २४०. पाणी गाळायचं वॉटर सिव्ह १२०. पाण्याचा पंप २४०. फ्रिज दोन, प्रत्येकी १२०. इलेक्ट्रिक ग्रिल ६०. दिवे चार, दहा-दहा वॅटचे. बेरीज आली १६६०. आणि हे सगळं एकाच साध्या वायरीवर, जिची मर्यादा १०००.

ही बेरीज खेळही दाखवतो, हे मला त्या दिवशी कळलं. एफ २ दाबलं की विजेचा नकाशा उघडतो, आणि वायरीवर माउस नेला की त्या जाळ्यावर आत्ता किती भार आहे आणि सगळं एकदम चाललं तर किती होईल, असे दोन आकडे येतात. मी तो नकाशा रोज उघडत होते, वायरी टाकायला. आकडे वाचले नव्हते.

दोन आकडे का, हे महत्त्वाचं आहे. सगळी यंत्रं सतत चालत नाहीत. खोलीत हवेचा दाब पुरेसा झाला की इलेक्ट्रोलायझर थांबतो. नळी भरली की गॅस पंप थांबतो. फ्रिजमधलं अन्न गार झालं की फ्रिज १२० वरून २० वॅटवर उतरतो. त्यामुळे दिवसातला बराच वेळ माझा भार ९०० च्या आसपास असायचा आणि सगळं सुरळीत दिसायचं. मग स्वयंपाकाची वेळ व्हायची, ग्रिल पेटायचा, ताजं गरम अन्न फ्रिजमध्ये जायचं, दोन्ही फ्रिज एकदम १२० वर चढायचे, त्याच वेळी पंप चालू असायचे, आणि काही सेकंदांत वायर जायची. स्वयंपाकघराजवळच नेहमी का जळतं म्हणून मी ग्रिलला दोष देत होते. साठ वॅटचा बिचारा ग्रिल.

आणखी एक गोष्ट इथे नीट समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. या खेळात भार वायरीच्या त्या तुकड्यावरचा मोजत नाहीत, पूर्ण जोडलेल्या जाळ्याचा मोजतात. आपल्या घरात गिझरची वायर गिझरचा करंट वाहते, दिव्याची वायर दिव्याचा. गिझरने दिव्याची वायर तापत नाही. खेळात तसं नाही. जाळ्यावर एकूण १६६० वॅट चालले आणि त्या जाळ्यात कुठेही साध्या वायरीचा एक तुकडा असला, तर त्या तुकड्यावरही पूर्ण १६६० चा भार आहे असं धरतात, मग तो तुकडा एकट्या दिव्याला का जात असेना. जळताना कुठला तरी एक तुकडा जळतो, आणि जाळ्यात वायर ब्रिज असेल तर आधी तोच जातो. वायर ब्रिज म्हणजे एका वायरीवरून दुसरी वायर न जोडता पलीकडे नेणारा पूल. माझा एकमेव ब्रिज स्वयंपाकघराजवळ होता, म्हणून ठिणग्या कायम तिथे.

मग मी सगळं नव्याने मांडलं. कोळशाच्या जनरेटरांपासून वसाहतीच्या मधोमध हेवी-वॉट वायर टाकली, ती २० किलोवॅट पेलते. ती जाड, दिसायला कुरूप, भिंतीतून सरळ जात नाही, तिला भिंतीत वेगळी जॉइंट प्लेट लागते, आणि प्रत्येक चौकटीला, म्हणजे खेळातल्या जागेच्या एका चौकोनाला, १०० किलो धातू खाते. साध्या वायरीला २५ पुरतो. त्या जाड वायरीवरून दोन छोटे ट्रान्सफॉर्मर, प्रत्येकी १००० वॅटचे. एकावर हवेची यंत्रं, दुसऱ्यावर पाण्याचा पंप आणि स्वयंपाकघर. छोटा ट्रान्सफॉर्मर एका वेळी १००० वॅटच पुढे सोडतो आणि साधी वायर १००० पेलते, म्हणजे फांदीची वायर जळूच शकत नाही. तात्या ट्रान्सफॉर्मरला डीपी म्हणत होते, आमच्याकडे सगळेच म्हणतात. "आता दोन डीपी झाले. बरा झाला."

त्या संध्याकाळी परत जळलं, आणि तेही तिथेच, त्याच ब्रिजवर.

हे मला फार लागलं. हिशोब बरोबर होता, बेरीज बरोबर होती, दोन फांद्या वेगळ्या होत्या. पुढचे तीन दिवस मी त्या ब्रिजच्या मागे लागले. तो काढून दुसरीकडे लावला, वायर दुसऱ्या वाटेने फिरवली, ग्रिल हलवला, फ्रिज हलवले. ब्रिज जिथे नेला तिथे जळला. जाड वायरीला काही होत नव्हतं, ट्रान्सफॉर्मरला काही होत नव्हतं. फक्त साध्या वायरी जात होत्या.

चौथ्या दिवशी दुपारी लाइट गेलेली, इन्व्हर्टरवर लॅपटॉप चाललेला, आणि तात्या खुर्ची ओढून शेजारी बसले. त्यांना मी सगळं पहिल्यापासून दाखवलं. ते ब्रिजकडे बघेचनात.

"जळला थंय बघू नको. जोडला खंय ता बघ."

मग त्यांनी मे २०२१ मधल्या तौक्ते वादळानंतरचं सांगितलं. १६ मेला वादळ आमच्या किनाऱ्याजवळून वर सरकलं, माड आणि पोल आडवे झाले. लाइन परत चालू करताना पूर्ण लाइन एकदम चार्ज करत नाहीत. मधे कुठेतरी जंप, म्हणजे दोन तारा जोडणारा तुकडा, काढायचा, अर्धी लाइन चालू करून बघायची. टिकली तर फॉल्ट पलीकडच्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचं अर्धं. फॉल्ट कुठे असेल याचा अंदाज बांधत दहा किलोमीटर चालण्यापेक्षा हे लवकर होतं. आणि लाइन बंद केली की ती खरंच बंद झालीय का, हे आधी तपासायचं, कारण लाइट दुसऱ्या बाजूनेही येऊ शकते.

"तुझो स्वयंपाकघराचो डीपी तोड. बघूया काय जाता ता."

मी खेळ थांबवला, स्वयंपाकघराच्या ट्रान्सफॉर्मरमधून बाहेर येणारी वायरीची पहिली चौकट मोडायचा हुकूम दिला, आणि खेळ परत सुरू केला. एक डुप्लिकंट शिडी चढून आली, तिने ती चौकट मोडली. आता त्या फांदीवर वीज येण्याचा रस्ताच उरला नव्हता. ग्रिल बंद व्हायला हवा, फ्रिज बंद व्हायला हवेत, चार दिवे विझायला हवेत.

दिवे चालू होते. फ्रिज चालूच होता.

आम्ही दोघं त्या फ्रिजकडे बघत राहिलो. ट्रान्सफॉर्मर तुटलेला, वायरीचं टोक हवेत, आणि फ्रिजवर हिरवा दिवा. मला क्षणभर वाटलं खेळातच चूक आहे. तात्यांना तसं वाटलं नाही. ते पुढे झुकले.

"मगे लाइट दुसरेकडसून येता हा. शोध खंयसून ता."

आता शोधणं सोपं होतं. एफ २ चा नकाशा उघडला आणि माउस फ्रिजच्या वायरीवर ठेवला. या नकाशात माउस ज्या वायरीवर असेल तिला जोडलेलं पूर्ण जाळं उजळतं. हेही मला माहीत नव्हतं, कारण मी माउस कधी एका जागी धरलाच नव्हता. स्वयंपाकघर उजळलं, पाण्याचा पंप उजळला, आणि त्यांच्याबरोबर वरच्या मजल्यावरचे दोन्ही इलेक्ट्रोलायझर आणि तिन्ही गॅस पंप. दोन फांद्या वेगळ्या नव्हत्याच. कुठेतरी त्या एकमेकींना चिकटल्या होत्या.

मी उजळलेली वायर बोटाने स्क्रीनवर धरत धरत गेले. जुन्या, पहिल्या वीस सायकलींच्या काळातल्या झोपायच्या खोलीच्या फरशीखालून एक वायर जात होती. ती मी तेव्हा चाकापासून पहिल्या दिव्यापर्यंत टाकली होती. दिवा केव्हाच काढला, चाक काढलं, वर फरशी घातली, आणि ती वायर आत तशीच राहिली. नवीन हवेची फांदी तिच्या डाव्या टोकाला शिवून गेली होती आणि स्वयंपाकघराची फांदी उजव्या टोकाला. साध्या दृश्यात फरशीखालची वायर दिसत नाही. नकाशात दिसते, पण तिथे इतक्या वायरी होत्या की ही माझ्या नजरेत भरली नव्हती.

म्हणजे झालं होतं असं. दोन ट्रान्सफॉर्मर एकाच जाळ्यात वीज ओतत होते, मिळून २००० वॅटपर्यंत. जाळ्यावर १६६० चा भार. वायर मात्र अजूनही साधी, १००० ची. मी एवढा खर्च करून जे वेगळं केलं ते त्या सात चौकटींच्या जुन्या वायरीने परत एक केलं होतं.

ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही बाजू चुकून एकमेकींना जोडल्या तर खेळ तशी सूचना देतो. पण दोन ट्रान्सफॉर्मरच्या बाहेरच्या बाजू एकमेकींना जोडल्या तर देत नाही, कारण तसं मुद्दाम जोडायची सोय आहे. कंडक्टिव्ह वायर २००० वॅट पेलते, तिच्यावर दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असेच शेजारी शेजारी लावतात, आणि ते अगदी बरोबर बसतं. माझी वायर कंडक्टिव्ह नव्हती, एवढाच फरक.

जुनी वायर मोडली. लगेच फ्रिज बंद पडला, दिवे गेले. फ्रिज बंद पडलेला बघून इतका आनंद मला कधी झाला नव्हता. मग ट्रान्सफॉर्मरची चौकट परत जोडली आणि सगळं चालू झालं. पुढची वीस सायकल एकही ठिणगी नाही. मी वसाहत वाढवली, शेती लावली, दोन नवीन माणसं घेतली.

एकविसाव्या सायकलीला हवेच्या फांदीवर वायर जळली.

या वेळी मी घाबरले नाही. कॅलेंडरचं पान समोर होतंच. हवेच्या फांदीवर दोन इलेक्ट्रोलायझर २४०, तीन पंप ७२०, सिव्ह १२०, म्हणजे १०८०. मर्यादेपेक्षा ८० जास्त, हे मला आधीच दिसलं होतं, पण मी म्हटलं होतं की ट्रान्सफॉर्मर १००० च सोडणार, फार तर एखादा पंप अधूनमधून थांबेल. वायर जळायचं कारणच नाही. जाळं उजळून बघितलं, ते वेगळंच होतं, कुठे चिकटलेलं नव्हतं.

तात्यांना बोलावलं. त्यांनी एकच विचारलं, "ही बॅटरी खंयच्या बाजूक लावलंस?"

ती बॅटरी मी चार सायकलींपूर्वी लावली होती. जनरेटर थांबले तरी माणसांची हवा थांबू नये म्हणून, ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे, पंपांच्या शेजारी. आमच्या घरात इन्व्हर्टर जसा घरात असतो, बाहेरच्या डीपीवर नसतो, तसाच विचार केला. चूक तिथेच होती. ट्रान्सफॉर्मर आपल्यातून किती जाऊ द्यायचं तेवढंच ठरवतो. त्याच्या पुढे बॅटरी असली की ट्रान्सफॉर्मरचे १००० आणि बॅटरीतले वरचे ८०, दोन्ही वायरीत येतात. बॅटरी आधी भरत राहिली, सगळी यंत्रं एकदम चालायचा योग आला तेव्हा रिती होऊ लागली, आणि वायर गेली. घरात इन्व्हर्टरच्या पुढे एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच असतो, तो वायर वाचवतो. माझ्या फांदीवर ट्रान्सफॉर्मरच एमसीबीचं काम करत होता आणि मी बॅटरी नेऊन त्याच्या पुढे ठेवली होती.

बॅटरी जाड वायरीवर, जनरेटरांच्या बाजूला नेली. आणि वॉटर सिव्ह पाण्याच्या फांदीवर दिलं, जिथे ते पहिल्यापासून असायला हवं होतं. हवेची फांदी ९६०, पाण्याची आणि स्वयंपाकघराची ७००. त्याच वेळी साध्या बॅटरीच्या जागी स्मार्ट बॅटरी लावली. ती २० टक्क्यांवर आली की जनरेटर चालू आणि ९० ला बंद, असं ऑटोमेशनच्या वायरीने बांधलं. कोळशाचा एक जनरेटर सेकंदाला एक किलो कोळसा खातो आणि बॅटरी भरली तरी खातच राहतो, त्यामुळे हे फार आधी करायला हवं होतं.

पुढची गडबड मी एकटीने सोडवली, तात्या बाजारात गेले होते. धातू शुद्ध करायची मेटल रिफायनरी लावली, ती एकटीच १२०० वॅट खाते. तिच्यासाठी आणखी दोन जनरेटर, चार हजार वॅटचा मोठा ट्रान्सफॉर्मर, आणि पुढे कंडक्टिव्ह वायर. सुरू करताच ब्रिज जळला. माउस नेला, जाळं उजळलं, भार १२००. वायर २००० ची. मग जळलं का? ब्रिजवर क्लिक केलं तर तो साधा होता, १००० चा. वायर बदलताना मी पूल बदलला नव्हता. कंडक्टिव्ह वायरीचा ब्रिज वेगळा मिळतो. तो बसवला. सगळं मिळून दहा मिनिटं लागली.

संध्याकाळी तात्यांना सांगितलं तर ते खूश झाले, पण लगेच म्हणाले की हे खऱ्या वायरिंगला लावायला जाऊ नको. त्यांचं म्हणणं मला पटलं आणि ते मी इथे मुद्दाम लिहिते. खेळात जिथे जळतं तिथे बहुतेक वेळा दोष नसतो. घरात बहुतेक वेळा तिथेच असतो. जुलैत आमच्या तीन नंबरच्या खोलीत गिझरचा सॉकेट काळा पडला होता. गिझर २००० वॅटचा, २३० व्होल्टला साधारण पावणेनऊ अँपिअर, सॉकेट १६ अँपिअरचा. हिशोबात काही चूक नव्हती. तात्यांनी मेन बंद केला, टेस्टर लावून खात्री केली, सॉकेट उघडला आणि मला बॅटरीच्या उजेडात दाखवलं. स्क्रू सैल, त्याखालची तांब्याची तार कळकलेली, हिरवी झालेली. दोन्हीकडून खारी हवा खाणाऱ्या आमच्या पट्टीवर हे दर दोन-तीन वर्षांनी होतं. सैल जोडात करंटला अडथळा होतो, तिथे उष्णता होते, आणि तिथेच जळतं. खेळातल्या वायरीला स्क्रू नसतात आणि मीठ लागत नाही.

पण कॅलेंडरचं पान मात्र त्यांनी माझ्याकडून मागून घेतलं. त्याच्या उरलेल्या जागेत आम्ही दोघांनी पाचही खोल्यांचं सगळं लिहिलं. गिझर, पंखे, एसी, पंप, स्वयंपाकघरातला मिक्सर, फ्रिज. कुठलं कुठल्या एमसीबीवर आहे ते एकेक एमसीबी पाडून, काय बंद होतं ते बघून ठरवलं. दोन ठिकाणी बोर्डावर लिहिलेलं आणि प्रत्यक्षात असलेलं वेगळं निघालं. आणि असं दिसलं की समुद्राकडच्या तिन्ही खोल्यांचे गिझर एकाच एमसीबीवर आहेत. ६००० वॅट, म्हणजे जवळजवळ २६ अँपिअर. डॉल्फिन बघायला जाणारे पाहुणे सकाळी एकाच वेळी उठतात आणि एकाच वेळी आंघोळ करतात. गेल्या दोन सीझनला तो एमसीबी पडायचा आणि आम्ही तो परत वर करायचो.

गणपतीनंतर परवान्याच्या इलेक्ट्रिशियनकडून तीन गिझरांच्या तीन वेगळ्या वायरी ओढून घेतल्या, बोर्डापर्यंत, प्रत्येकाला आपला एमसीबी. ऑक्टोबरात पहिले पाहुणे आले. सकाळी साडेसहाला तिन्ही खोल्यांत गिझर लागले. तात्या बोर्डापाशी उभे होते. त्यांनी तिन्ही एमसीबींना हाताची पाठ लावून बघितली, एकेक करून.

"थंड आसत," म्हणाले, आणि चहा घ्यायला आत गेले.